शून्याखालची उंची

(साल 2016. सगळ्या वेळा भारतीय.)

16 ऑक्टोबर, रात्री 8.12
युरोपच्या ‘ट्रेस गॅस ऑर्बिटर’ यानापासून स्कियापरेली हा लँडर सुटतो. वजन सहाशे किलोच्या आसपास. आता वाटेत दिशा बदलायची सोय त्याच्याकडे नाही. सोडताना धरलेला नेम तोच शेवटचा. तो धरलाय जर्मनीत डार्मश्टाटला बसलेल्या मंडळींनी, यानाच्या रेडिओ सिग्नलवरून त्याचं अंतर आणि वेग सतत मोजत. मंगळ अजून तीन दिवसांवर आहे.

19 ऑक्टोबर, संध्याकाळी 6.35
मोठं यान इंजिन पेटवतं. 139 मिनिटं ते जळत राहिलं तरच मंगळाची कक्षा मिळणार. लँडर जे सांगेल ते हे यान नोंदवून ठेवणार, पण ती नोंद पृथ्वीवर उशिरा पोचायची. तोवर थेट ऐकायचं काम जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीकडे. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून त्या परिसरात 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या उभ्या राहिल्या, त्याही तारेच्या जाळीच्या.

सात वाजून गेल्यावर
लँडर झोपेतून उठलाय. त्याचा ट्रान्समीटर जवळून जाणाऱ्या यानांसाठी बनवलेला. पृथ्वीवर कुणी ऐकावं इतका त्याचा जीवच नाही. तरी अनेक तबकड्यांचे सिग्नल एकत्र केल्यावर पडद्यावरच्या गोंधळातून 401 मेगाहर्ट्झजवळ एक बारीक रेघ वर येते.

या रेघेत शब्द नाहीत, आकडे नाहीत. फक्त सूर आहे. पृथ्वी आणि मंगळ फिरत असल्यामुळे तो सरकतो, पण ती सरक आधीच हिशेबात धरलेली असते. उरलेला फरक लँडरचा. आपल्या दिशेने त्याचा वेग सेकंदाला एक किलोमीटरने बदलला, की सूर सुमारे 1,340 हर्ट्झने हलतो.

त्या दिवशी बुधवार, संकष्टी. तिकडे अमरावती जिल्ह्यातल्या चांदूर बाजारला उपासवाल्यांचे डोळे पूर्वेकडे. चंद्र उगवायला नऊ वाजणार होते. नैर्ऋत्येला तांबूस मंगळ केव्हाचा दिसत होता. त्याच्यासाठी कोण उपास धरतं?

8.12, मंगळावर
ताशी 21,000 किलोमीटर वेगाने लँडर वातावरणात शिरतो. खोडदला मात्र रेघ अजून सरळच आहे. अंतर साडेसतरा कोटी किलोमीटर, सिग्नलला यायला 9 मिनिटं 47 सेकंद. खोडदला ही धडक कळेल तोवर तिकडे सगळं आटोपलेलं असेल.

8.22, खोडद
रेघ वळते. तापलेल्या वायूच्या वेढ्यात मिनिटभर संपर्क तुटणार, हे ठरलेलंच.

8.25
सुराचा कल बदलतो. पॅराशूट उघडलं! इथवर सगळं वेळापत्रकाबरहुकूम.

बिघडलंय ते इथेच, पण रेघेवर ते दिसत नाही. पॅराशूट उघडताच लँडर अपेक्षेपेक्षा जोरात झुलला आणि फिरण्याचा वेग मोजणारं उपकरण जेमतेम सेकंदभर कमाल आकड्यावर अडकून राहिलं. संगणकाने तो आकडा खरा धरला. त्यामुळे आपण किती कललोय याचा त्याचा अंदाज पार चुकला. पुढे उष्णताकवच पडलं, रडार चालू झालं. रडारचं अंतर बरोबर होतं. पण या चुकीच्या कलाशी त्याचा गुणाकार होऊन उत्तर आलं शून्याखालचं. म्हणजे आपण जमिनीच्या आत आहोत!

मग संगणकाने जमिनीवर करायचं ते सगळं केलं. पॅराशूट सोडलं. अर्धा मिनिट चालायची रॉकेटं तीन सेकंदांत बंद केली. उतरल्यावरची उपकरणं जागी केली. तेव्हा जमीन 3.7 किलोमीटर खाली होती.

8.27
रेघ थांबते. ठरल्या वेळेच्या पाऊण मिनिट आधी.

ताशी सुमारे 540 किलोमीटरने तो आदळला होता. दुसऱ्या दिवशी अमेरिकेच्या यानाने काढलेल्या फोटोत एक काळा डाग दिसला आणि तिथून किलोमीटरभर अंतरावर पांढरं पॅराशूट. उतरण्यासाठी आखलेल्या 100 बाय 15 किलोमीटरच्या पट्ट्याच्या मध्यापासून हा डाग जेमतेम साडेपाच किलोमीटर दूर. डार्मश्टाटच्या मंडळींचा नेम कुठेही चुकला नव्हता, हे माझ्या मते अपयशाच्या बातम्यांमध्ये पुरेसं सांगितलंच गेलं नाही.

8.54
मोठ्या यानाचं इंजिन वेळेवर बंद होतं. कक्षा मिळालेली असते. त्याच्या नोंदींवरूनच पुढे चौकशी झाली. मे 2017 च्या निष्कर्षांत पॅराशूटच्या झोक्याच्या कच्च्या गणितावर ठपका आला, तसा सॉफ्टवेअरच्या उलटतपासणीवरही. हवेतल्या यंत्राची उंची शून्याखाली जाऊच कशी शकते, हे संगणकाला विचारायची सोय कुणी केलेली नव्हती.