डोळ्याचा चोरदरवाजा

गडाला चोरदरवाजा ठेवीत, तो संकटकाळी आतल्या माणसांना निसटता यावे म्हणून; पण पहारा ढिला पडला की शत्रूही त्याच वाटेने आत येई. काचबिंदूच्या शस्त्रक्रियेचा इतिहास पाहताना या दरवाजाची आठवण होते.

काचबिंदूत डोळ्यातील पाण्याचा निचरा अडतो, आतला दाब वाढतो आणि दृष्टीची नस सुकत जाते. गेलेली दृष्टी परत येत नाही. १८५७ साली बर्लिनच्या आल्ब्रेख्त फॉन ग्राफे यांनी बाहुलीभोवतालच्या रंगीत पडद्याचा तुकडा कापून या रोगावर उपाय दाखविला; परंतु त्याचा गुण मुख्यतः अकस्मात उद्भवणाऱ्या प्रकारात येई. संथपणे वाढणाऱ्या काचबिंदूत पाण्याला नवी वाट काढून देणेच भाग होते. मद्रास, म्हणजे आजचे चेन्नई, येथील सरकारी नेत्र रुग्णालयाचे प्रमुख रॉबर्ट हेन्री इलियट यांनी ती काढली. १९०९ साली त्यांनी डोळ्याच्या शुभ्र कवचाच्या कडेला बारीक गोल छिद्र पाडण्याची आपली पद्धत प्रसिद्ध केली. छिद्रावर वरच्या पातळ आवरणाचा पदर झाकावयाचा. त्याखाली पाणी झिरपून लहानसा फुगवटा येई. ही पद्धत मद्रासहून जगभर गेली.

पण दरवाजा कायमचा उघडा राहिला होता. शस्त्रक्रियेने बरा झालेला एखादा रोगी महिन्यांनी, कधी वर्षांनी, लाल व पुवाळलेला डोळा घेऊन परत येई. फुगवट्यावरचा पदर विरळ झाला की जंतूंना वाट मिळे. पेनिसिलीनपूर्व काळात असा डोळा वाचविणे फार कठीण असे.

१९६८ साली केंब्रिजच्या जे. ई. केर्न्स यांनी कवचाचाच एक पापुद्रा छिद्रावर झाकण म्हणून ठेवला. दरवाजाला जणू फळी बसली. धोका घटला, संपला मात्र नाही. पुढे वाट बुजू नये म्हणून मायटोमायसिनसारखी औषधे वापरात आली. वाट टिकली, पण फुगवटे पुन्हा पातळ होऊ लागले.

आज जंतू फुगवट्यापुरते असतील तर प्रतिजैविकांचे थेंब वरचेवर घालतात. ते आत पोहोचले असतील तर व्हँकोमायसिन व सेफ्टाझिडिम यांची सुई डोळ्यातच द्यावी लागते. प्रसंगी आतला दूषित द्रव काढून टाकावा लागतो. स्ट्रेप्टोकॉकससारखे जंतू पाहता पाहता दृष्टी नेतात. म्हणून येथे दिवसांचा नव्हे, तासांचा हिशेब असतो.

तेव्हा पहारा अखेर रोग्याकडेच आहे. शस्त्रक्रियेला दहा वर्षे झाली असली तरी डोळा लाल झाला, दुखू लागला, चिकटू लागला किंवा अंधूक दिसू लागले, तर त्याच दिवशी नेत्रवैद्याचे दार ठोठवावे. शस्त्रक्रिया जुनी झाली, तरी दरवाजा उघडाच असतो.