यानांच्या प्रतिकृती आणि रंगांचा फवारा

12 एप्रिल 1961 रोजी युरी गागारिन यांनी 108 मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली, तेव्हा त्यांचे नाव आणि त्यांचे हास्य साऱ्या जगाला परिचित झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस ते भारतात आले, मुंबईकरांनीही त्यांना डोळे भरून पाहिले. परंतु ज्या यानातून ते गेले त्या ‘वोस्तोक’चे रूप कसे होते, हे मात्र सोव्हिएत राज्यकर्त्यांनी गुप्त ठेवले होते. त्या वर्षी जुलैत मॉस्कोजवळील तुशिनो येथील विमानप्रदर्शनात जी प्रतिकृती मिरवण्यात आली, तिला शेपटाशी एक कडे जोडलेले होते. असे कडे खऱ्या यानाला कधीच नव्हते. तरीही पुढे काही वर्षे तेच रूप चित्रांतून आणि खेळण्यांतून हिंडत राहिले.

खरे यान लोकांना दिसले ते 1965 साली, मॉस्कोच्या प्रदर्शनात. सुमारे 2.3 मीटर व्यासाचा एक साधा गोळा आणि त्याला जोडलेला यंत्रविभाग! कल्पनेतल्या डौलदार यानापुढे तो काहीसा ओबडधोबडच वाटावा. 1969 साली अमेरिकेतील रेव्हेल या कंपनीने त्याचा 24 पटींनी लहान असा प्लास्टिकचा संच काढला. त्यात तो गोळा दहा सेंटिमीटरांहूनही थोडा लहान भरतो. ज्या राष्ट्राशी अमेरिकेची अहमहमिका चालली होती, त्याचेच यान अमेरिकन मुले चिकटद्रव्याने जोडीत बसली होती, ही गोष्ट मोठी मौजेची खरी.

अशा छंदात जोडणीपेक्षा रंगकामच अधिक कसोटीचे असते. कुंचल्याने रंग दिला की त्याचे फराटे उमटतात, आणि लहान आकारावर ते फराटे खऱ्या यानावरील दोरखंडाएवढे भासतात. म्हणून छांदिष्टांनी एअरब्रश जवळ केला. दाबाखालील हवेच्या झोताने पातळ रंगाचे सूक्ष्म तुषार उडतात. एकावर एक विरळ थर देत गेले की पुनःप्रवेशाच्या उष्णतेने होरपळलेला पृष्ठभागही हुबेहूब साधतो. मात्र हात एका जागी क्षणभर रेंगाळला, तर रंग ओघळून सारा खटाटोप वाया जातो.

पण हात कितीही सधा असला, तरी आधार चुकीचा असेल तर काय उपयोग? ‘सॅटर्न-5’ या चांद्रअग्निबाणाची उंची 363 फूट. रेव्हेलने 96 पटींनी लहान केलेली त्याची प्रतिकृतीसुद्धा पावणेचार फूट भरते. ती रंगविण्याच्या सूचना 1966 साली तळाच्या चाचणीसाठी उभारलेल्या, कधीही न उडालेल्या एका नमुन्यावरून घेतल्या होत्या. त्या नमुन्याच्या पहिल्या टप्प्यात दोन टाक्यांमधील भागावर काळा पट्टा होता. उन्हाने तो भाग आतून फार तापतो असे आढळल्यावर, प्रत्यक्ष उडालेल्या अग्निबाणांवर तेथे पांढरा रंग देण्यात आला. चोखंदळ छांदिष्ट जुनी छायाचित्रे पडताळून आजही तो पट्टा झाकतात.

छायाचित्रांवर तरी किती विसंबावे, हाही प्रश्नच आहे. एअरब्रशचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत झाला आणि छायाचित्रांवरून सफाईचा हात फिरविणे हे त्याचे आरंभीचे एक मोठे काम होते. ग्रिगोरी नेल्युबोव्ह हा पहिल्या सहा निवडक सोव्हिएत अंतराळवीरांपैकी एक. मद्यपानाच्या भरात लष्करी पहारेकऱ्यांशी हुज्जत घातल्याने 1963 साली त्याला दलातून काढले. 1966 साली आगगाडीखाली त्याचा अंत झाला. 1961 साली सोची येथे घेतलेल्या समूहचित्रातून पुढे त्याची आकृतीच पुसून टाकण्यात आली. त्याच्या जागी नुसती पार्श्वभूमी रंगविली गेली. त्याच चित्राची न पुसलेली प्रत पाश्चात्त्य अभ्यासकांच्या हाती लागली, तेव्हा दोन्ही प्रती शेजारी ठेवून त्यांनी नाहीशा झालेल्या त्या तरुणाचा शोध सुरू केला.