सात इंचांची गोष्ट

गेल्या शनिवारी एकदाचं 'फॉलिंगवॉटर' बघून आलो. पिट्सबर्गहून गाडीने साधारण दीड तास. फ्रँक लॉईड राईटने १९३५ मध्ये आखलेलं हे घर बघायचं कॉलेजपासून डोक्यात होतं.

मालक एडगर कॉफमन, पिट्सबर्गचे बडे दुकानदार. घरातून धबधबा दिसावा एवढीच त्यांची अपेक्षा. राईटसाहेबांनी घर थेट धबधब्याच्या डोक्यावरच बसवलं! दिवाणखान्यात पाण्याचा आवाज येतो, धबधबा मात्र दिसत नाही. तो बघायला बाहेर पडून ओढ्याच्या खालच्या अंगाला जावं लागतं.

हा दिवाणखाना म्हणजे ओढ्यावर अधांतरी सुमारे पंधरा फूट पुढे आलेला एक अवाढव्य काँक्रीटचा छज्जा. कॉफमननी आराखडे दुसऱ्या इंजिनियरांना दाखवले, त्यांनी शंका काढल्या. राईट भडकले. शेवटी तो अहवाल घराच्याच भिंतीत चिणला म्हणतात! तरी बांधकाम करणाऱ्यांनी राईटना न विचारता छज्ज्यातल्या सळ्या जवळजवळ दुप्पट केल्या. कळल्यावर राईट पुन्हा भडकले. (सीनियर आर्किटेक्ट सगळीकडे सारखेच!)

पुढे सेंटरिंग काढलं आणि छज्जा पावणेदोन इंच खाली आला. मग वर्षानुवर्षं झुकतच राहिला, सुमारे सात इंचांपर्यंत. दुप्पट सळ्याही पुरेशा नव्हत्या, आणि त्याही नसत्या तर काय झालं असतं कोण जाणे. २००२ मध्ये फरशा उचलून, आतून पोलादी केबल ताणून तो सावरला. बाक पूर्ण काढला नाही, फक्त वाढणं थांबवलं. २०१९ मध्ये घर युनेस्कोच्या यादीत गेलं.

घर अप्रतिम आहे, वादच नाही. पण परतताना मला आठवत राहिली ती आमच्या टीममधली एक ज्युनियर मुलगी. रिलीजच्या आधी तिने एक शंका काढली होती. "नंतर बघू गं," म्हणून मी उडवून लावली. दोन महिन्यांनी नेमकं तिथेच सगळं कोसळलं. रात्रभर जागून निस्तरायला तीच माझ्या शेजारी बसली होती. 'मी सांगितलं होतं' असं ती एकदाही म्हणाली नाही. आणि 'तू सांगितलं होतंस' असं मीही म्हणालो नाही.

घरी आल्यावर तिला मेल लिहिली. चारच ओळी, पण तासभर लागला.

असो. तिकडे जाणार असाल तर तिकीट आधी काढा.