बांध राखणाऱ्याचा हिस्सा

मिरा-भाईंदरच्या जमिनींविषयीचा एक सरकारी करार इसवी सन २८६९ मध्ये संपायचा आहे. आकडा वाचताना चूक झालेली नाही. १८७० साली ब्रिटिश सरकारने घोडबंदर, मिरा आणि भाईंदर इथल्या जमिनींचा पट्टा रामचंद्र लक्ष्मणजी यांना दिला, तो ९९९ वर्षांच्या मुदतीने. खाडीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालायचे, घातलेले राखायचे, आणि त्याबदल्यात पिकणाऱ्या भाताचा तिसरा हिस्सा घ्यायचा, अशी त्या देवघेवीची हकीकत गावकरी आजही सांगतात. पुढे हे हक्क 'द इस्टेट इन्व्हेस्टमेंट कंपनी'कडे आले. दरम्यान भात गेले, खळी गेली, १९८५ मध्ये नगरपरिषद आणि २००२ मध्ये महानगरपालिका झाली, २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती आठ लाखांवर पोचली; पण सातबाऱ्यावर कंपनीचे नाव कोणत्या अधिकाराने लागावे आणि इमारत बांधायला तिचा ना-हरकत दाखला का घ्यावा, हा वाद मिटला नाही. तो सहसा भूमिपुत्र विरुद्ध कंपनी असा मांडला जातो. मला ती मांडणी अपुरी वाटते. खरा प्रश्न सरकारला विचारायचा आहे: १८७० मध्ये तुम्ही दिलेत काय? जमीन, की जमीन राखण्याचे काम?

याचे उत्तर शोधताना कागदाआधी चिखलाकडे पाहावे लागते. वसईच्या खाडीकाठची ही जमीन मुळात शेतीची नव्हेच. भरतीचे पाणी चढते तिथवर खाजण. त्या खाजणाला मातीचा बांध घालून समुद्र बाहेर अडवायचा आणि बांधात उघाडी ठेवायची. ओहोटीला आतले पावसाचे पाणी तिच्यातून निघून जाते आणि भरती चढू लागली की पाण्याच्याच दाबाने तिची झडप मिटते. पावसाळ्यामागून पावसाळे मीठ धुपत जाते, तेव्हा कुठे खारात भात उभे राहते. तेही हट्टी भात. खारात नांगर घालायची सोय नाही, कारण ढेकूळ उलटले की खालचे मीठ वर येते. म्हणून मोड आलेले बियाणे थेट चिखलात फेकतात, त्याला रहू म्हणतात. बियाणे बहुधा रात्याचे, तांबड्या दाण्याचे, खाऱ्यात तगणारे. एवढे सगळे ज्या मातीच्या भिंतीवर अवलंबून, तिचा शत्रू एक खेकडा. त्याच्या बिळातून पाणी झिरपू लागते, झिरप्याची घळ होते, आणि अमावास्येच्या एखाद्या उधाणाला बांधाला खांड पडते. एका रात्रीच्या खांडीचे मीठ धुऊन निघायला पुढचे कित्येक पावसाळे जातात. तेव्हा इथल्या जमिनीची किंमत जमिनीत कधीच नव्हती. ती बांधात होती, आणि बांध रोज राखणाऱ्या हातांत होती.

सत्ताधीशांनाही हे कळत होते. मिरा-भाईंदर ज्या बेटावर आहे ती साष्टी १५३४ च्या तहाने पोर्तुगीजांकडे गेली, १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत मराठ्यांनी घेतली, १७७४ च्या अखेरीस ठाणे पडल्यावर इंग्रजांच्या हाती आली. मालक बदलले तरी खाडीच्या काठावर महसूल हवा असेल तर बांध हवा, आणि बांध हवा असेल तर तो घालणाऱ्याला काहीतरी द्यायला हवे, हा हिशेब कुणालाच चुकला नाही. या हिशेबातून जी वहिवाट घडली तिला शिलोत्री म्हणत. कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, तिचे चित्र सर्वांत स्पष्ट दिसते: बाहेरचा मोठा बांध शिलोत्रीदाराने राखायचा, आतले लहान बांध कुळांनी, आणि बाहेरच्या बांधाच्या दुरुस्तीपोटी कुळांनी बिघ्यामागे धान्याचा ठरावीक वाटा द्यायचा, त्याचे नावच 'शिलोत्री मण'. हा वाटा मातीच्या मालकीबद्दल नव्हता, राखणीबद्दल होता. भाईंदरचा तिसरा हिस्सा आणि पेण-अलिबागचा शिलोत्री मण हे एकाच कागदावरचे नाहीत, हे मान्य. पण दोन्ही एकाच प्रकारच्या जमिनीतून, एकाच गरजेतून उगवले. शेजारच्या खारेपाटात जे देणे राखणीचा मोबदला होते, ते इथे मात्र जमिनीची किंमत होती असे म्हणणाऱ्याने त्याचा पुरावा द्यायला हवा.

आता कायद्याकडे येऊ. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने जमिनीचे कायदे झपाट्याने केले: १९४८ चा कुळकायदा, १९४९ चा खोती रद्द करणारा कायदा, आणि खास साष्टीतल्या इस्टेटींसाठी १९५१ चा जमीन महसूल माफी रद्द करणारा कायदा. यांच्यामागे खारेपाटाचाच दाब होता. अलिबागजवळच्या चरीला नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली आगरी कुळांनी १९३३ पासून सहा वर्षे खारात पेरणी केली नाही, डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये कायदेमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले ते याच पार्श्वभूमीवर. १९५१ च्या कायद्याची कसोटी तर मुद्दाम पाहण्यासारखी आहे. कौलाने पडीक जमीन इस्टेटदाराची ठरत असली, तरी १४ ऑगस्ट १९५१ पर्यंत त्याने ती वापरात किंवा लागवडीखाली आणली नसेल तर ती सरकारजमा. कागद कुणाचा, एवढेच विचारून विधिमंडळ थांबले नाही. कागदधारकाने त्या जमिनीवर केले काय, हेही त्याने विचारले. ही कसोटी भाईंदरच्या पट्ट्याला लावून पाहिली तर प्रश्नाचा निम्मा धुरळा खाली बसतो.

उरलेला निम्मा कुळकायद्याने बसावा. भाताचा तिसरा हिस्सा म्हणजे खंड होता असे कंपनीच्या बाजूने धरू. मग तो देणारा शेतकरी कूळ ठरतो, आणि कुळाला १ एप्रिल १९५७ च्या कृषिदिनी कायद्याने जमिनीचा खरेदीदार मानले. म्हणजे कंपनी मालक उरत नाही. बरे, तो खंड नव्हता, बांधाच्या राखणीचा मोबदला होता असे धरू. मग मोबदला घेणारा जमिनीचा मालक मुळातच नव्हता. इथे जाणता वकील तिसरी वाट काढील: कुळकायद्याच्या कलम ८८ ने सरकारकडून पट्ट्याने घेतलेल्या जमिनींना सूट दिली होती, तेव्हा कृषिदिनाचा युक्तिवाद इथे लागूच होत नाही. हा आक्षेप हलका नाही. पण तो स्वीकारणाऱ्याने त्यासोबत हेही कबूल केले की जमीन सरकारची आहे आणि आपण पट्टेदार आहोत; आणि ज्या कामासाठी पट्टा घेतला ते काम चालू आहे का, हे विचारायला सरकार मोकळे आहे. तिन्ही वाटांनी चालून पाहा, कंपनीची निर्वेध मालकी कुठल्याच टोकाला भेटत नाही. न्यायालयाने असा निकाल दिला आहे असे मी म्हणत नाही. युक्तिवाद कुठे पोचतो ते सांगतो आहे.

मात्र सरकारला या वादात पंचाच्या खुर्चीत बसवणे भाबडेपणाचे होईल. बांधाला लागूनच मिठागरे आहेत, आणि तिथे सरकार स्वतःच दावेदार आहे. भाईंदरहून उत्तनकडे जाताना राई-मुर्ध्याच्या बाजूला ती दिसतात. दिवाळी सरली की भरतीचे पाणी पहिल्या मोठ्या तळ्यात घ्यायचे, तिथून टप्प्याटप्प्याने उथळ वाफ्यांत सोडायचे, उन्हाने ते दाट होत जाते, आणि शेवटच्या वाफ्यात तळाशी दाणा धरला की लाकडी फावड्याने ओढून कडेला रास लावायची. पहिल्या पावसाआधी रास झाकली नाही तर हंगाम पाण्यात. आगरी हे नाव या आगरावरूनच पडले. मिठागराच्या धन्यालाही शिलोत्रीच म्हणतात, म्हणजे वहिवाट तीच, फक्त भाताच्या जागी मीठ. पण मिठावर कर होता. मुंबई इलाख्यात तो १८३७ च्या कायद्याने बसला, १८९० च्या मीठ कायद्याने खात्याचा पहारा पक्का झाला, आणि १९४७ मध्ये कर उठला तरी खाते उठले नाही. ज्या खात्याचे काम मिठावर कर घेणे होते, ते हळूहळू मिठाखालच्या जमिनीचे मालक म्हणून बोलू लागले. राज्यघटनेने मीठ केंद्राच्या यादीत घातले, जमीन राज्याच्या. मग मुंबईतल्या कांजूरमार्गला व्हायचे तेच झाले: राज्याने मेट्रो कारशेडसाठी १०२ एकर दिले, केंद्र म्हणाले ही जमीन मीठ आयुक्तांची, आणि १६ डिसेंबर २०२० रोजी उच्च न्यायालयाने जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाला स्थगिती दिली. हिस्सा वसूल करणारा शेवटी मालकी सांगू लागतो, ही खोड एकट्या कंपनीची नाही. सरकारने ती आधी स्वतःला लावून घेतली.

इथवरच्या मांडणीवर सर्वांत अवघड आक्षेप वेगळाच आहे. श्रमाने हक्क मिळतो असे म्हणायचे, तर मूळ बांधांना पैसा तर पट्टेदारानेच घातला असणार. मग त्याचा हक्क शेतकऱ्याहून कमी कसा? अमेरिकेच्या पश्चिमेकडे हाच तिढा गुराख्यांच्या बाबतीत पडला आहे. तिथल्या विस्तीर्ण कुरणांवर १९३४ च्या टेलर चराई कायद्याने सरकारने परवाने आणि चराईपट्टी बसवली. पाणवठे आम्ही बांधले, कुंपणे आम्ही घातली, तेव्हा कुरण आमचे, असे अनेक पशुपालक म्हणत आले. नेवाडातल्या क्लायव्हन बंडीने १९९३ पासून पट्टी देणे बंद केले, आणि २०१४ मध्ये त्याची गुरे जप्त करायला गेलेल्या अधिकाऱ्यांसमोर बंदुका घेतलेली माणसे उभी राहिली. बंडीचा युक्तिवाद मला पटत नाही, आणि तो ज्या कारणाने पटत नाही त्याच कारणाने कंपनीचाही पटत नाही. कुंपण घातल्याने कुंपणाचा हक्क मिळतो, तो कुंपण राखले तोवर. बांधाचेही तसेच. बांध ही एकदा पैसे टाकून विकत घ्यायची वस्तू नाही. तो दर उधाणाला नव्याने राखावा लागतो. १८७० च्या भांडवलाचा मोबदला पिढ्यान् पिढ्या भाताच्या रूपाने वसूल झाला. १९४८ च्या खार जमीन कायद्यानंतर तर समुद्राकडचे बांध सरकारी योजनेत घेऊन लाभधारक शेतकऱ्यांच्या वर्गणीवर राखण्याची व्यवस्थाच आली. राखण दुसऱ्याकडे गेल्यावर राखणीचा हिस्सा पहिल्याने कशाबद्दल मागायचा?

आणखी एक बोल ऐकू येतो, जरा खवचटपणे: शेतकऱ्यांनी जमिनी केव्हाच बिल्डरांना विकल्या, मग भांडण कशाचे? भाव चढल्यावर अनेकांनी विकल्या, हे खरे. पण विकण्याचा हक्क मालकाचाच असतो, आणि त्या खरेदीखतांवर मुद्रांक शुल्क घेताना सरकारने शेतकऱ्याला विक्रेता मानले. जिथे शुल्क घ्यायचे तिथे तो मालक, आणि जिथे परवानगी द्यायची तिथे कंपनीचा दाखला आण म्हणायचे, हा दुटप्पीपणा आठ लाखांच्या शहरात फ्लॅट घेणाऱ्या माणसाच्या खिशातून भरला जातो. त्याने तर खारही पाहिलेले नसते.

ज्यांनी जमीन विकली नाही त्यांची गत मात्र याहून विचित्र आहे. बांध पडला, दुरुस्त झाला नाही, खाडी आत आली, की दोन-चार वर्षांत तिवर उगवतात. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने राज्यभर तिवरांची तोड थांबवली आणि सरकारी जमिनीवरची कांदळवने संरक्षित वन करायला सांगितले. खाडीकाठाच्या दृष्टीने तो आदेश आवश्यकच होता, आणि त्याबद्दल तक्रार करायचे कारण नाही. पण ज्या शेताचा बांध कुणी राखला नाही, ते आता सातबाऱ्यावर शेत, पट्ट्याप्रमाणे इस्टेट, नकाशात किनारा नियमन क्षेत्र आणि डोळ्यांना वन आहे. चौघांचे चार कागद, आणि तलाठ्याच्या दप्तरात पिकाचा रकाना आहे, भोगवटादाराचा आहे, इतर अधिकारांचा आहे; बांध कोण राखतो आणि खांड पडली तर ती बुजवायला रात्री कोणी जायचे, याचा रकाना मात्र नाही. शिलोत्री मणाच्या काळी तो होता.