छताची भेग आणि अजिंठ्याचा गिलावा

मागच्या हिवाळ्यात सोयगावच्या आमच्या घरी एका खोलीला जिप्सम बोर्डचं छत बसवलं. कारागीर बोर्ड ठोकून गेला आणि सांधे भरायचं काम मी अंगावर घेतलं. पीएच.डी. करणाऱ्याला पुट्टी भरता येणार नाही, असं कसं होईल! सांध्यात मसाला दाबून भरला, पॉलिश पेपर मारला, रंग दिला. महिन्याभरात जवळजवळ प्रत्येक सांध्यावर केसाएवढी भेग!

चूक साधी होती. मी पट्टीच लावली नव्हती. मसाला वाळताना आकसतो आणि ऊन-थंडीने बोर्डही थोडे हलतात. नुसता मसाला हा ताण सोसत नाही. तो ताण घेते कागदाची किंवा जाळीची पट्टी. म्हणून आधी पातळ थर द्यायचा, त्यात पट्टी बसवायची, वाळू द्यायचं. मग त्याहून रुंद दुसरा थर आणि शेवटी आणखी रुंद, अगदी पातळ तिसरा. घाईने एकच जाड थर दिला की भेग ठरलेली.

आता इतिहासाच्या अभ्यासात हे कशाला? कारण आमच्याच तालुक्यात, फर्दापूरजवळ, अजिंठ्याची लेणी आहेत आणि हाच प्रश्न तिथल्या कारागिरांसमोर पाचव्या शतकात उभा होता. डोक्यावरच्या दगडाला मातीचा गिलावा चिकटून कसा राहील? त्यांनी दगड मुद्दाम खडबडीत ठेवला, म्हणजे गिलाव्याला पकड मिळते. मातीत गवताचे तंतू आणि भाताचा कोंडा मिसळला. वर चुन्याचा पातळ हात देऊन, तो वाळल्यावर चित्रं काढली. म्हणजे आपली पट्टी जे काम फक्त सांध्यावर करते, ते तिथे तंतू संपूर्ण गिलाव्यात करतात. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अंश सापडल्याचं संशोधन 2016 मध्ये प्रसिद्ध झालं, तेही याच अंगाने वाचा. पण याला दुसरी बाजूही आहे: याच सेंद्रिय भागावर किडे जगतात आणि गिलावा आतून पोकळ होतो.

पुढची गोष्ट दुरुस्तीची. एकोणिसाव्या शतकात चित्रांच्या नकला करणाऱ्यांनी रंग उठून दिसावेत म्हणून भिंतींवर वॉर्निश लावलं. 1920 ते 1922 या काळात निजाम सरकारने लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावलं. त्यांनी सुटू लागलेला गिलावा पक्का केला, त्यामुळे बरंच काही वाचलं. पण वर दिलेलं लाखेचं पाणी काळाबरोबर पिवळं, काळपट झालं. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनज्ञांना हे जुने थर सावकाश काढत बसावं लागलं.

आता माझी खरी चूक सांगतो. संशोधनाच्या पहिल्या वर्षी एका छताच्या नोंदीत मी लिहिलं होतं, ‘रंगसंगती पिवळसर, उबदार.’ आमच्या मार्गदर्शकांनी एवढंच विचारलं, “हा पिवळा रंग कोणाचा? चित्रकाराचा की दुरुस्ती करणाऱ्याचा?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या एका वाक्यावर मी दोन पानांचा युक्तिवाद उभा केला होता. तो सगळा खोडला.

तेव्हापासून कुठलीही वास्तू किंवा चित्र पाहताना मी तीन प्रश्न वहीत आधी लिहितो. मूळ थर कोणता? नंतर भरलेला भाग कुठे सुरू होतो? तो कोणी, कधी आणि का भरला? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकदा भिंतीवर मिळत नाही, ते खात्याच्या वार्षिक अहवालांत शोधावं लागतं. म्हणून लेणी बघायच्या आधी अहवाल वाचा आणि बघून आल्यावर पुन्हा वाचा.

दुरुस्ती हा मूळ वस्तूला लागलेला डाग समजू नका. तोही एक पुरावाच आहे, फक्त वेगळ्या काळाचा. पुढच्या वेळी अजिंठ्याला गेलात, तर क्रमांक 2 च्या लेण्यात छताकडे जरा जास्त वेळ बघा. मान दुखेल, पण चालेल.

आणि हो, माझ्या खोलीचे सांधे मी खरवडून पुन्हा भरले. या वेळी पट्टीसकट.