पणजीचा दाखला

१९६२ च्या फेब्रुवारीत इस्रायलच्या मुख्य रब्बी मंडळाने, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या सर्वोच्च संस्थेने, विवाह नोंदणी अधिकाऱ्यांसाठी एक परिपत्रक काढलं. वधू किंवा वर ‘बेने इस्रायल’ समाजाचा असेल, तर त्याची आई ज्यू होती का, आजी ज्यू होती का, आणि त्याही मागे जाता येईल तितकं जाऊन तपासावं, असा हुकूम त्यात होता. आईवडिलांपैकी किंवा आजी-आजोबांपैकी कुणी घटस्फोटानंतर दुसरं लग्न केलं होतं का, धर्माला न चालणाऱ्या जवळच्या नात्यात कुणाचं लग्न झालं होतं का, हेही विचारायचं होतं. शंका उरली की प्रकरण धर्मन्यायालयाकडे. इराक, मोरोक्को किंवा पोलंडहून आलेल्या ज्यूंचं नाव या परिपत्रकात नव्हतं. नाव होतं ते एकाच समाजाचं, पेणकर, रोहेकर, केहिमकर, नवगावकर अशी आडनावं घेऊन आलेल्यांचं.

ही आपल्या कोकणातली माणसं. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला, अशी त्यांची परंपरेने चालत आलेली कथा आहे. घाण्यावर तेल काढायचं आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून कुलाबा जिल्ह्यातली गावं त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. पुढे अनेक जण कंपनी सरकारच्या पलटणीत शिरले. त्यांच्यातल्याच सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बांधलं. मराठी बोलणारे बेने इस्रायल सिनेगॉगला ‘मशीद’च म्हणत. १८८० पासून त्यांच्यात मराठी कीर्तनंही रंगू लागली. विषय बायबलमधले, थाट मात्र पुरता हरिदासी. नवस फेडायला, मंगल कार्याला मलिदा असतो: भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, भोवती फळं, आणि त्या ताटासमोर एलियाहू हन्नबीचं, म्हणजे प्रेषित एलियाचं, स्तवन.

अशा माणसांकडे पणजीच्या लग्नाचा कागद कुठून असणार? एकोणिसाव्या शतकात कोकणातल्या तेल्याच्या घरी लग्न लागलं ते गावासमोर लागलं. साक्षीदार होते, नोंदवही नव्हती.

रब्बींच्या शंकेमागचं धर्मशास्त्र समजून घ्यायला हवं, कारण ते निव्वळ गोऱ्या-काळ्याचं प्रकरण नव्हतं. ज्यू धर्मात वंश आईकडून धरतात. रीतसर घटस्फोटपत्र न घेता एखाद्या बाईने दुसरं लग्न केलं, तर त्या लग्नातली संतती निषिद्ध ठरते आणि तिला इतर ज्यूंशी विवाह करता येत नाही. बेने इस्रायल शेकडो वर्षं बाकीच्या ज्यू जगापासून तुटलेले होते. त्यांना घटस्फोटाचे नियम ठाऊक नसणार, म्हणजे त्यांच्यात अशी संतती असू शकेल, असा हा तर्क. त्यावर समाजाचं उत्तर बिनतोड होतं. त्यांच्यात घटस्फोट जवळपास नव्हता आणि विधवांची लग्नंही क्वचितच होत. जिथे काडीमोडच नाही, तिथे चुकीच्या काडीमोडाची संतती कुठून येणार?

एक अडचणीची गोष्टही सांगायला हवी. या समाजात पूर्वी ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद होता, आणि इतर समाजातल्या बायकांची संतती मानल्या गेलेल्या ‘काळ्यां’शी ‘गोरे’ रोटीबेटी व्यवहार करत नसत. जातीच्या मातीत राहून जातीची सवय लागली होती. आणि बगदादहून मुंबईत आलेले श्रीमंत ज्यू तीच सवय या सगळ्या समाजाविरुद्ध वापरत होते. ते बेने इस्रायलांना कमी लेखत, स्मशानभूमीतही अंतर ठेवू पाहत. ब्रह्मदेशात रंगूनला तर बगदादी ज्यूंच्या सिनेगॉगच्या कारभारात मत द्यायचा हक्क मिळवण्यासाठी बेने इस्रायलांना १९३० च्या दशकात हायकोर्टात जावं लागलं. निकाल त्यांच्या बाजूने लागला. आपण ज्यू आहोत हे सिद्ध करण्याचा खटला त्यांच्या वाट्याला इस्रायलच्या आधीच येऊन गेला होता.

तरीही १९४८ मध्ये इस्रायल स्थापन झाल्यावर ते तिकडे निघाले. भारतात त्यांच्यावर कुणी हात उगारला नव्हता. मुंबईचे महापौरपद भूषवलेले डॉ. ई. मोझेस आणि स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. जेरुशा झिराड ही त्यांच्यातलीच नावं. ‘पुढल्या वर्षी जेरुसलेमला’ ही प्रार्थना ते दर वर्षी करत होते, आणि आता एक ज्यू राष्ट्र खरंच उभं राहिलं होतं. परतीच्या कायद्याने, म्हणजे १९५० च्या कायद्याने, प्रत्येक ज्यूला तिथे येण्याचा हक्क दिला. बेने इस्रायलांच्या वाट्याला आलं बेर्शेबासारखं वाळवंटाच्या कडेचं शहर, हलकी कामं आणि रंगावरून टोमणे. १९५१-५२ मध्ये त्यांच्यातल्या काहींनी तेल अवीवमध्ये धरणं धरलं, उपोषण केलं आणि भारतात परत पाठवा अशी मागणी केली. शंभराहून अधिक जण १९५२ मध्ये खरोखर परतले. पुढे त्यातल्या बहुतेकांना पुन्हा इस्रायललाच जावंसं वाटलं, यावरूनही त्यांची ओढ किती खोल होती ते कळतं.

लग्नाचा प्रश्न नोकरी-घराच्या प्रश्नाहून वेगळा होता. १९५३ च्या कायद्याने इस्रायलमधल्या ज्यूंचे विवाह आणि घटस्फोट पूर्णपणे रब्बींच्या न्यायालयांकडे गेले. तिथे नोंदणी पद्धतीचं लग्न नाही. आपल्याकडे भटजीने नकार दिला तर रजिस्ट्रारकडे जाता येतं, तिथे ती वाट नव्हती. रब्बीने तोंड फिरवलं, तर त्या मुलामुलीचं लग्न आपल्याच देशात लागू शकत नव्हतं. म्हणून हा वाद केवळ धार्मिक नव्हता. मतदार यादीत नाव, सैन्यात भरती, कर भरल्याची पावती हे सगळं असूनही लग्नाच्या टेबलावर हा नागरिक अर्धा ठरत होता.

त्यातही चीड आणणारी गोष्ट अशी, की ऑक्टोबर १९६१ मध्ये मुख्य रब्बी मंडळानेच बेने इस्रायलांशी विवाहाला मनाई करायला आधार नाही असा निर्णय दिला होता. चार महिन्यांत परिपत्रकाने तो निर्णय आतून पोकळ केला. मुख्य रब्बी यित्झाक निस्सिम हे स्वतः बगदादचे, त्यामुळे मुंबईतली जुनी अढी तिथवर पोचली, असं समाजातल्या अनेकांना वाटलं.

समाजाने कृती समिती काढली. १९६४ च्या उन्हाळ्यात देशभरातून शेकडो बेने इस्रायल जेरुसलेमला आले आणि स्थलांतरितांचं काम पाहणाऱ्या ज्यू एजन्सीच्या इमारतीबाहेर ठाण मांडून बसले. बायकामुलांसकट, आठवडेच्या आठवडे. धरणं, उपोषण, ठिय्या या गोष्टी त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांच्यातल्या मोठ्यांचं तरुणपण बेचाळीसच्या मुंबईत गेलं होतं. वर्तमानपत्रांनी प्रश्न उचलला. अखेर सुट्टीवर असलेली क्नेसेट, म्हणजे इस्रायलची संसद, खास बोलवावी लागली. १७ ऑगस्ट १९६४ रोजी पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारची भूमिका संसदेने मान्य केली: भारतातून आलेले बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत, आणि विवाहासह सर्व बाबतींत त्यांचे हक्क इतर ज्यूंच्या बरोबरीचे आहेत.

दोन आठवड्यांनी, ३१ ऑगस्टला, रब्बी मंडळाने परिपत्रक बदललं. ‘बेने इस्रायल’ हे शब्द काढले आणि त्या जागी ज्याच्या कौटुंबिक दर्जाबद्दल शंका असेल अशी कुणीही व्यक्ती, असं घातलं. तपासणीची पद्धत तीच राहिली. काही जणांना ही तडजोड अपुरी वाटली, आणि ते बरोबर होते: १९९७ मध्येसुद्धा पेताह तिकवा शहरात बेने इस्रायलांची लग्नं नोंदवायला नकार मिळाला. पण नाव खोडलं जाणं ही लहान गोष्ट नव्हती. एका समाजाला जन्मानेच संशयित ठरवणारी ओळ सरकारी कागदावरून गेली. वीस वर्षांनी इथिओपियातून आलेल्या ज्यूंनाही प्रतीकात्मक धर्मांतर करून घ्या असं सांगण्यात आलं, तेव्हा तेही १९८५ मध्ये जेरुसलेमला मुख्य रब्बींच्या कचेरीसमोर आठवडेच्या आठवडे बसले. त्यांच्याआधी जेरुसलेमला नवगाव-पेणची माणसं अशीच बसून गेली होती.

मागे राहिलेल्यांची गोष्ट शांत आहे, पण तीही कागदाचीच आहे. २०११ च्या जनगणनेत भारतात ज्यूंची संख्या साडेचार हजारांच्या आसपास भरली. त्यातले निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात होते. सरकारी अर्जांवर धर्माच्या रकान्यात त्यांच्यासाठी फक्त ‘इतर’ असे. शाळा, शिष्यवृत्ती, संस्था चालवण्याचा अधिकार, या प्रत्येक ठिकाणी ती अडचण होती. जून २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. पश्चिम बंगालनंतर असं करणारं हे दुसरं राज्य. केंद्राच्या यादीत मात्र मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी आणि जैन असे सहाच समाज आहेत. दोन हजार वर्षं इथे राहिल्याचं सांगणाऱ्या आणि मराठीत प्रार्थना समजून घेणाऱ्या या समाजाचं नाव त्या यादीत सातवं म्हणून यायला हवं.