ओट्यावरचा दगड: भीमाशंकर ते शहाबाद

आजचा भाग थोडा घरगुती आहे. किल्ला नाही, लढाई नाही. आज आपण स्वयंपाकघरात जाणार आहोत आणि ओट्याच्या दगडाचा इतिहास बघणार आहोत. हसू नका, मीही आधी हसलोच होतो.

झालं असं, की दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या फ्लॅटमध्ये मी पांढराशुभ्र क्वार्ट्झचा ओटा बसवून घेतला. मोबाइलवर फोटो बघूनच ठरवलं होतं. खिडकी पश्चिमेला, दुपारभर ऊन थेट ओट्यावर. एक दिवस आईने भज्यांची गरम कढई सवयीने ओट्यावर टेकवली आणि गोल तपकिरी डाग पडला तो पडलाच. वर्षभरात खिडकीखालचा पट्टाही पिवळसर झाला. मी कोड लिहितो, पण या प्रॉडक्टचं डॉक्युमेंटेशन मात्र मी वाचलंच नव्हतं.

आता यंदा गावच्या घराची दुरुस्ती निघाली. गाव आंबेगाव तालुक्यात, घोडेगावहून भीमाशंकरला जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत. आई म्हणाली, "आता तरी विचारून घे." म्हणून विचारायला लागलो आणि पहिलाच प्रश्न असा पडला: आपण अख्खे काळ्या दगडावर राहतो. घराचा पाया काळ्या दगडाचा, जातं काळ्या दगडाचं, पाटा-वरवंटा काळ्या दगडाचा. मग ओटा काळ्या दगडाचा का नसतो? तो कडप्पा किंवा शहाबादी का असतो?

आधी काळा दगड समजून घेऊ. हा बेसाल्ट. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हा बाहेर आला, थरावर थर साचले आणि सह्याद्री उभा राहिला. लाव्हा थंड होताना दगडाला आडव्या-उभ्या भेगा पडतात, पण वहीच्या पानांसारखे पातळ पापुद्रे त्यात नसतात. छिन्नी मारली तर टवका उडतो, फरशी निघत नाही. म्हणजे हा दगड कोरायला उत्तम आणि चिरायला अवघड.

आपल्या पूर्वजांनी नेमकं तेच केलं. जुन्नर परिसरात दोनशेहून जास्त कोरीव लेणी आहेत. त्यातल्या मानमोडी डोंगरातल्या एका गटाचं नावच भीमाशंकर लेणी. देवळाच्या भीमाशंकरापासून ती बरीच लांब आहेत, नावामुळे गोंधळू नका. तिथे ब्राह्मी लिपीत एक लेख आहे. क्षत्रप राजा नहपान, त्याचा अमात्य अयम, आणि त्याने दिलेलं दान: एक मंडप आणि एक पोढी. पोढी म्हणजे खडकात कोरलेलं पाण्याचं टाकं. लेखात वर्ष ४६ दिलंय. ते शक वर्ष धरलं तर इसवी सन १२४ च्या आसपास येतं.

म्हणजे जवळपास एकोणीसशे वर्षांपूर्वी इथले कारागीर या खडकात खोल्या, खांब, बसायचे ओटे आणि पाण्याची टाकी कोरत होते. दगड उचलून घरी न्यायचा नाही, आपणच दगडात घर करायचं. सुटा दगड न्यायचा झाला तर जात्याएवढा, पाट्याएवढा. गुळगुळीत झालेल्या जात्याला परत टाकी लावायला पाथरवट दारोदार यायचे, हे आमच्या आजीला चांगलं आठवतं.

आणि खरं सांगायचं तर तेव्हा स्वयंपाकघरात ओटा हवा होता कुणाला? चूल जमिनीवर, शेजारी वैल, खाली शेणाने सारवलेली जमीन. सगळं काम बसून. ओटा हा शब्दही मुळात घराबाहेरचा, दारापुढचा, जिथे माणसं गप्पा मारत बसतात. तो शब्द आत आला तो बाईमाणूस उभं राहून स्वयंपाक करायला लागल्यावर. आधी स्टोव्ह आले, मग गॅस. सिलिंडरचा गॅस १९५० च्या दशकात मुंबईत मिळायला लागला, हळूहळू इतर शहरांत गेला, आणि आमच्याकडच्या कितीतरी वाड्या-वस्त्यांवर पोचायला २०१६ ची उज्ज्वला योजना उजाडली. म्हणजे शहरातल्या बाईची पाठ सरळ झाल्यावर डोंगरातल्या बाईची व्हायला साठेक वर्षं गेली. माझी आजी अजूनही चालताना कमरेत वाकलेली असते. ओट्याच्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा माझ्या मते हाच आहे.

ओटा करायचा तर लांब, सपाट, पातळ दगड हवा. आणि इथे गोष्टीत नदी येते.

भीमा नदी भीमाशंकरला उगम पावते. खेडमधून पुढे, उजनी, मग पंढरपूर, तिथे तिला आपण चंद्रभागा म्हणतो. पुढे कर्नाटकात गाणगापूरजवळून जाते आणि रायचूरकडे कृष्णेला मिळते. ८६१ किलोमीटरचा प्रवास. वाटेत कलबुर्गी जिल्ह्यात लाव्हाचा थर संपतो आणि खालचा जुना खडक उघडा पडतो. तो चुनखडक आहे, बेसाल्टच्या कितीतरी आधीचा, उथळ समुद्राच्या तळाशी चुन्याचा गाळ थराथराने साचून झालेला. भूगर्भशास्त्रात या खडकांच्या गटाला चक्क 'भीमा गट' म्हणतात. शहाबाद हे गाव याच पट्ट्यात आहे. आपली शहाबादी फरशी ती हीच!

मला हे कळलं तेव्हा मी दोन मिनिटं गप्प बसलो. आमच्या गावाजवळ उगम पावणाऱ्या नदीचं नाव असलेला दगड आमच्याच मोरीत होता आणि मला पत्ता नव्हता.

हा दगड थरांचा असल्यामुळे पहार आणि छिन्नीने सुद्धा त्याच्या फरश्या सुटतात. मशीन लागत नाही. अडचण फक्त वाहतुकीची होती. ती रेल्वेने सोडवली. मुंबईकडून येणारा लोहमार्ग १८६० मध्ये सोलापूरला पोचला आणि १८७१ मध्ये रायचूरला जाऊन मद्रासकडच्या मार्गाला जोडला गेला. शहाबाद याच मार्गावर आहे. पुढे ही फरशी चाळींत, शाळांत, स्टेशनांच्या फलाटांवर, वाड्यांच्या अंगणात सगळीकडे गेली. तिचा काळा भाऊ म्हणजे कडप्पा, आंध्रातल्या कडप्पा भागातला. तोही चुनखडकच, पण जास्त घट्ट आणि काळा. दोन पिढ्यांचे ओटे त्याच्यावर झाले. दिवाळीआधी खोबरेल तेलाचा हात फिरवून तो चमकवायचा, आठवतंय ना?

चुनखडकाचा एक दोष मात्र जन्मजात आहे. आंबट पडलं की तो खातो. लिंबू, चिंच, कोकम, ताक, काहीही सांडलं की चुना आणि आम्ल यांची क्रिया होऊन पांढुरका डाग पडतो. कडप्पाच्या ओट्यावर लिंबू कापताना आई खाली ताटली का ठेवायची, हे मला तिशीला टेकल्यावर कळलं.

मग ग्रॅनाइट आला. तो फार कठीण, त्यामुळे हिऱ्याची धार असलेली यंत्रं आली तेव्हाच त्याचे पातळ स्लॅब स्वस्तात निघू लागले. १९९० नंतर कर्नाटक, आंध्र, राजस्थानचा ग्रॅनाइट घराघरात शिरला. त्याला आंबटाचं भय नाही, गरम कढईचं नाही, उन्हाचं नाही. क्वार्ट्झचा स्लॅब मात्र खाणीतून येतच नाही. नव्वद टक्क्यांच्या आसपास दगडाची भुकटी आणि बाकी प्लॅस्टिकसारखी राळ, असा तो कारखान्यात बनतो. ती राळ साधारण दीडशे अंशांपुढे करपते आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी पिवळी पडते. माझ्या ओट्याचं नेमकं तेच झालं. दुबई-मस्कतहून ऐकणाऱ्या मंडळींनो, तुमच्या गच्चीत किंवा अंगणात उन्हात ओटा करणार असाल तर राळेचा स्लॅब टाळा. आणि दगड फिक्या रंगाचा घ्या, कारण काळा दगड दुपारी हात लावू देत नाही.

पण क्वार्ट्झची खरी किंमत वेगळीच आहे. तो कोरडा कापला की सिलिकाची बारीक धूळ उडते, ती फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. त्यातून माणूस बरा होत नाही. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून या स्लॅबवर बंदी घातली, ती कापणारे तरुण कामगार आजारी पडत होते म्हणून. माझ्या फ्लॅटचा ओटा कापणारा मुलगा माझ्याहून लहान होता. तोंडाला रुमाल, बाल्कनीभर पांढरी धूळ. आणि मी त्याला म्हणालो होतो, "दादा, जरा लवकर आवरा, मीटिंग आहे." हे वाक्य मला अजून टोचतं. ग्रॅनाइटमध्येही सिलिका असतोच, कमी असतो इतकंच.

तर गावच्या घरी काय ठरलं? ओट्याला साधा काळा ग्रॅनाइट. मोरीला आणि पडवीला शहाबादी. फरशीवाल्याला एकच अट घातली: कापताना पाणी सोडायचं आणि मास्क लावायचा, त्यासाठी अर्धा दिवस जास्त लागला तरी मजुरी मी देईन. तो आधी हसला, पण पाण्याचा पाइप जोडला.

आजीने सगळं बघितलं आणि विचारलं, "आरं, पन मपला पाटा कुठं ठिवनार?" प्लॅनमध्ये पाट्याला जागाच नव्हती. मग ओट्याच्या टोकाला गवंड्याकडून दोन वीत चौथरा वाढवून घेतला आणि पाटा वर बसवला. आता वाटण उभं राहून होतं. आजीने एकदाच वाटून बघितलं, म्हणाली, "हे आधी का नाय सुचलं कुनाला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आज घरी गेलात की ओट्यावर हात ठेवा आणि आईला, आजीला विचारा, हा दगड कुठला आणि याच्याआधी काय होतं. उत्तर व्हॉइस नोटमध्ये पाठवा, पुढच्या भागात वाजवू. भेटू मंडळी.